गुरुवारी स्लॅब आहे आणि आर्किटेक्टशी बोलणं बंद आहे

सड्यावरची | ११ जानेवारी

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा घाईने हवा आहे.

देवरुखजवळ आमच्या सहा गुंठ्यांत आईबाबांसाठी घर बांधतोय. साडेअकराशे चौरस फूट, कॉलम-बीमचा सांगाडा, चिऱ्याच्या भिंती, वर स्लॅब आणि स्लॅबवर उतरतं कौलारू छप्पर. मी पुण्यात नोकरी करते, महिन्यातून एकदा जाणं होतं. बाबा ७१ वर्षांचे आहेत, रोज साइटवर असतात. आर्किटेक्ट रत्नागिरीचे, तरुण आहेत. त्यांनी बांधलेली दोन घरं पाहून आम्ही त्यांना निवडलं. ठेकेदार गावातलेच, बाबांच्या पंचवीस वर्षांच्या ओळखीचे.

जोतं होईपर्यंत सगळं सुरळीत होतं. नंतर दोन गोष्टी झाल्या. नकाशात स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती. बाबांना ती पश्चिमेला हवी होती. आर्किटेक्ट म्हणाले, "नको, पाऊस मारेल," आणि विषय तिथेच राहिला. नोव्हेंबरात भिंत सिलपर्यंत, म्हणजे खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत, चढली तेव्हा खिडकीचा गाळा पश्चिमेला सोडलेला होता. बाबांनी परस्पर ठेकेदारांना सांगितलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे पडवीकडचा एक कॉलम. नकाशाप्रमाणे तो मुख्य दारातून बाहेर पडताना समोर येतो, असं ठेकेदारांच्या लक्षात आलं. बाबांना विचारून त्यांनी तो ९ इंच बाजूला घेतला.

३१ डिसेंबरला आर्किटेक्ट आले. दोन्ही गोष्टी पाहिल्या, थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग बाबांना म्हणाले, "मग माझी गरज काय?" आणि निघून गेले. तेव्हापासून फोन उचलत नाहीत. माझ्या तीन मेसेजना उत्तर नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सहाशेहून जास्त मेसेज आहेत, ड्रॉइंग त्यातच कुठेतरी वर गेली आहेत, आणि शेवटचं ड्रॉइंग नेमकं कोणतं यावर बाबा आणि ठेकेदार यांचं एकमत नाही.

आणखी एक सांगते, कारण ते मला आतून खातंय. खिडक्यांसाठी आर्किटेक्टनी रत्नागिरीतली एक वर्कशॉप सुचवली होती. त्यावर मावसभाऊ म्हणाला, "त्यांचं कमिशन असतं." मी आर्किटेक्टना कधी विचारलं नाही. पण तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक सूचनेकडे मी संशयाने बघायला लागले. आता वाटतं, बोलणं ३१ डिसेंबरच्या आधीच बंद झालं होतं आणि त्यात माझाही हात होता.

येत्या गुरुवारी स्लॅब आहे. बाबा म्हणतात, ओतून घेऊ, मग बघू. आर्किटेक्ट बदलू का? की थांबू?

---

पंचगंगाकाठ | ११ जानेवारी

ताई, बाकी चर्चा नंतर. आधी स्लॅब थांबवा. आज रात्रीच ठेकेदारांना फोन करा.

मी सार्वजनिक बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढली आहेत. खिडकी हलली तर मनस्ताप होतो, लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, नीट असेल तर घराला धोका नसतो. कॉलम हलला की हिशोबच बदलतो. तो कॉलम कुठून सरकवला? पायापासून, की जोत्याच्या वर आल्यावर सळया वाकवून? पायापासून सरकवला असेल तर फुटिंगच्या, म्हणजे कॉलमखालच्या काँक्रीटच्या बैठकीच्या, मध्यावर यायचा भार एका कडेला येतोय. जोत्यावर सळया वाकवल्या असतील तर ते त्याहून वाईट. सळईला वाकवायचा उतार १ ला ६ हून जास्त ठेवायचा नसतो, म्हणजे ९ इंच सरकायला साडेचार फूट उंची लागते. शिवाय ७५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ३ इंचांपेक्षा जास्त सरकायचं असेल तर सळई वाकवतच नाहीत, खालून वेगळ्या सळया घेऊन जोड देतात. तुमचं अंतर त्याच्या तिप्पट आहे. वरच्या बीमचा गाळाही, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, एका बाजूला ९ इंचांनी वाढला. तिथली सळई कुणी मोजली?

तुमच्या पोस्टमध्ये एक माणूस कुठेच दिसला नाही: आर.सी.सी. डिझायनर, म्हणजे काँक्रीट आणि सळईच्या सांगाड्याचा हिशोब करणारा इंजिनिअर. आर्किटेक्टने घराची मांडणी केली, पण कॉलम-बीमच्या सळ्यांची ड्रॉइंग कुणी काढली? त्यांची सही असलेला कागद हातात आहे का? आर्किटेक्ट रुसले असले तरी डिझायनरना तुम्ही थेट फोन करू शकता.

स्लॅब ओतल्यावर त्या कॉलमपर्यंत पोचायला तोडफोड करावी लागेल. आज थांबवलं तर फक्त सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅबखालच्या तात्पुरत्या प्लेटा-टेकूंचं, भाडं जाईल.

---

सड्यावरची | १२ जानेवारी

काका, थांबवलं. ठेकेदार नाराज आहेत, सेंट्रिंगच्या प्लेटा पुढच्या साइटला जायच्या होत्या. बाबाही काल रात्री जेवले नाहीत नीट. कॉलमच्या सळया जोत्यावर वाकवल्या आहेत. मी फोटो मागवला तेव्हा कळलं. आर.सी.सी. डिझायनर चिपळूणचे आहेत, आर्किटेक्टनीच नेमलेले. त्यांना फोन केला. हा बदल त्यांना कुणी कळवलाच नव्हता. शनिवारी येतो म्हणाले.

---

चिरा_वाळू | १२ जानेवारी

मी ठेकेदाराच्या बाजूने लिहितो. ताई, राग मानू नका. आजोबांपासून आमचा हाच धंदा आहे.

कॉलम वाकवला ही चूक झाली, त्याचं समर्थन करत नाही. पण साइटवर काय होतं ते ऐका. सकाळी आठला सहा माणसं उभी असतात. गवंडी विचारतो, दार इथे की तिथे? मी आर्किटेक्टला फोन लावतो, ते मीटिंगमध्ये. मालक समोर खुर्ची टाकून बसलेत. मालक म्हणतात, "अरे, घे थोडा बाजूला." आता मी कुणाचं ऐकू? माणसं परत पाठवली तरी दिवसाचा रोज मला द्यावाच लागतो. स्लॅबच्या सळ्यांचं ड्रॉइंग आदल्या रात्री नऊ वाजता मोबाइलवर आलेलं मी पाहिलंय. तेही मिलिमीटरमध्ये. माझा गवंडी इंच आणि सुतात (इंचाचा आठवा भाग) काम करतो. ११४० लिहिलेलं असतं, तो मनात ३ फूट ९ इंच करतो, एखादं सूत इकडेतिकडे जातं.

मालकाने पहिल्या दिवशी मला एवढंच सांगावं: बदल करायचा तर कुणाच्या शब्दावर करायचा. एक नाव द्या. मी त्यालाच विचारीन आणि त्याचं उत्तर येईपर्यंत दुसरं काम काढीन. आमच्याकडे ते नाव कधीच ठरत नाही.

---

रेघोटी | १३ जानेवारी

मी आर्किटेक्ट आहे, सांगलीत काम करते. हा धागा दोनदा वाचला.

तुमचे आर्किटेक्ट फोन उचलत नाहीत हे चुकीचं आहे. राग येणं समजू शकते, पण साइटवर धोका दिसत असताना गप्प बसता येत नाही. कॉलम हललेला दिसला त्याच दिवशी त्यांनी तुम्हाला आणि डिझायनरला लेखी कळवायला हवं होतं. आमच्या व्यवसायात हे शिकवतात आणि तरीही आम्ही कमी पडतो. ड्रॉइंग पाठवलं म्हणजे समजावलं असं आम्ही धरून चालतो. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याखाली १९८९ साली आचारसंहितेचे नियम झाले. मालक आणि ठेकेदार यांच्यातल्या कराराचं काम पाहताना आर्किटेक्टने निःपक्षपाती राहावं, असं त्यात आहे. निःपक्षपाती राहायचं तर आधी तिथे हजर राहावं लागतं.

पण "नको, पाऊस मारेल" या तीन शब्दांपाशी मी अडखळले. कोकणात पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्यांनी खिडकी उत्तरेला ठेवली त्यामागे विचार होता. तो विचार त्यांच्या डोक्यात राहिला, कागदावर फक्त रेघ आली. तुमच्या बाबांना ती रेघ दिसली, कारण दिसलं नाही. आता उलट बाजूने बघा. बाबांना खिडकी पश्चिमेलाच का हवी होती? तुम्ही संपूर्ण पोस्ट लिहिलीत, त्यात हे कारण नाही. आर्किटेक्टनी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही आणि तुम्हालाही माहीत नसावं.

माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. त्यांना देवघर जिन्याखाली नको, एवढंच म्हणत राहिल्या. मी धार्मिक कारण असेल असं धरून तीन पर्याय काढले, तिन्ही त्यांनी नाकारले. चौथ्या भेटीत मी विचारलं, तुम्ही पूजेला किती वेळ बसता? म्हणाल्या, दीड तास, आणि गुडघ्यामुळे मांडी घालता येत नाही, पाय लांब करून बसावं लागतं. जिन्याखाली पाय लांब करायला जागा नव्हती. तीन पर्याय काढण्याचे माझे पंधरा दिवस गेले ते एक प्रश्न न विचारल्यामुळे.

ड्रॉइंगबद्दल: प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तारीख आणि सुधारणेचा क्रमांक असतो: आर-०, आर-१, आर-२. नवं आलं की जुन्यावर लाल पेनने फुली मारून ते साइटवरून काढून घ्यायचं. साइटवर एका वेळी एकच संच, कागदावर छापलेला. व्हॉट्सॲपवर फोटो चालतील, निरोप चालतील, ड्रॉइंग नको.

आणि साइटवर एक रजिस्टर ठेवा. आर्किटेक्ट, डिझायनर, तुम्ही, जो येईल त्याने तारीख घालून काय पाहिलं आणि काय सांगितलं ते लिहायचं, ठेकेदाराने खाली सही करायची. चाळीस रुपयांची वही लागते.

---

माजघर | १३ जानेवारी

माझं मत थोडं वेगळं आहे. आमचं राजापूरकडचं चौसोपी घर कुठल्याच आर्किटेक्टने बांधलेलं नाही. पणजोबा, एक सुतार आणि एक गवंडी. सव्वाशे पावसाळे झाले. माझ्या काकांनीही मिस्त्रीच्या जोरावर घर बांधलं, उत्तम आहे. सगळं बिनसतं ते मधे तिसरा माणूस आल्यामुळे.

---

रेघोटी | १४ जानेवारी

@माजघर, तुमच्या पणजोबांचं घर मला बघायला आवडेल. पण त्या तिघांना एक गोष्ट फुकट मिळालेली होती, ती म्हणजे एकच भाषा. "तीन खणांचं माजघर, पुढे दीड खणाची पडवी" म्हटलं की मालकाला, सुताराला आणि गवंड्याला तीच खोली डोळ्यांपुढे दिसायची. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर, ते लाकडाच्या लांबीवरून ठरलेलं. गावातली सगळी घरं त्याच मापाची, मालक त्याच घरात जन्मलेला. त्याला नकाशा वाचायची गरज नव्हती.

आता स्लॅब आहे, संडास घरात आहे, सेप्टिक टँक, वायरिंग, पार्किंग आहे. आणि मालकाने असं घर आधी वापरलेलंच नाही. म्हणून तिसरा माणूस लागतो. त्याने ती भाषा बोलावी ही तुमची अपेक्षा मात्र पूर्णपणे रास्त आहे.

---

माजघर | १४ जानेवारी

खणाचा मुद्दा पटला. माझी आजी अजूनही फ्लॅटच्या हॉलला "अडीच खण" म्हणते.

---

तेरणाकाठी | १५ जानेवारी

हा धागा वाचून राहवलं नाही. मी उमरग्याकडची. आमच्या भागात घर या शब्दाची भीती बसलेली पिढी मी पाहिली आहे.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले. किल्लारीचा भूकंप. आमची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात ती घरं इतकी गार, की त्यांच्यासारखं घर नाही. त्या पहाटे त्याच भिंती आतबाहेर फाटल्या आणि माळवद खाली आलं. हजारो माणसं झोपेत गेली. त्यानंतर लोक दगडाच्या घरात पाऊल टाकेनात. पत्र्याच्या शेडमध्ये, अंगणात, शेतात झोपायचे.

पूर्ण पडलेली गावं नव्या जागी वसली. पण शेकडो गावांत घरं उभी होती, भेगा गेलेली. सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला, त्यात मालकाने स्वतः घर मजबूत करायचं होतं. इंजिनिअर यायचे, सांगायचे: भिंतीत आरपार बांधदगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, माळवदावरची माती कमी करा. शास्त्र बरोबर होतं. लोक मान हलवायचे आणि काहीच करायचे नाहीत. ज्या दगडाने आई गेली तोच दगड आता वाचवेल, हे परक्या माणसाच्या तोंडून कोण ऐकणार?

तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या माध्यमातून गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका "संवाद सहायक" म्हणून या कामात आल्या. माझी आई त्यांतली एक, चौथी शिकलेली. ती इंजिनिअरबरोबर घरोघर जायची. त्याचं म्हणणं बायकांना सांगायची आणि बायकांचं म्हणणं त्याला. मला आठवतं ते असं: एका घरातली म्हातारी माळवदाची माती काढू देईना. इंजिनिअर वैतागला होता. आईने तिच्याजवळ बसून विचारलं. म्हातारी म्हणाली, माती काढली तर उन्हाळ्यात नातू तापाने फणफणेल. तिला जड-हलक्याचं काही नव्हतं, उन्हाची काळजी होती. इंजिनिअरला ते कळल्यावर तो मातीचा किती थर ठेवता येईल ते मोजायला बसला. थोडी काढली, थोडी राहिली. काँक्रीटचा पट्टाही फिरवला गेला.

ताई, तुमच्या बाबांशी कुणीतरी असं शेजारी बसून बोलायला हवं. तुम्हीच बोला. फोनवर नको.

---

कागदपत्र | १५ जानेवारी

कायद्याचं थोडक्यात, कारण सुरुवातीच्या पोस्टमध्ये "आर्किटेक्ट बदलू का" असा प्रश्न आहे.

आर्किटेक्टची नोंदणी वास्तुकला परिषदेकडे असते, क्रमांकाची सुरुवात "सीए" ने होते आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. घराचा नकाशा इतर लोकही काढतात. पण "आर्किटेक्ट" ही उपाधी नोंदणी असलेल्यालाच लावता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं आहे. बदलायचंच असेल तर आधीच्यांची केलेल्या कामाची फी चुकती करा आणि लेखी निरोप द्या. दुसऱ्या आर्किटेक्टनेही आधी कोणी नेमलेलं आहे हे माहीत असताना परस्पर काम घ्यायचं नसतं. सेवेत त्रुटी राहिली तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडे.

पण तुमच्या प्रकरणात बदल कुणी सांगितला असं कुणी विचारलं, तर उत्तर "मालकाने" हे आहे. लेखी करार आहे का? किती साइट भेटी, कुठल्या टप्प्याला किती फी, बदल कुणाच्या सहीने?

---

सड्यावरची | १५ जानेवारी

करार नाही. एक पानी कोटेशन आहे, त्यात एकूण फी आणि "साइट भेटी गरजेनुसार". भांडायचं नाहीये मला. तेरणाकाठी, तुमची पोस्ट आईला फोनवर वाचून दाखवली. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय.

---

नाशिककर_डेट्रॉइट | १६ जानेवारी

लांबून घर बांधलेल्या माणसाची छोटी भर. मी दोन वर्षांपूर्वी नाशिकला आईसाठी बांधलं, इथे बसून. दर रविवारी सकाळी, म्हणजे माझ्या शनिवारी रात्री, आर्किटेक्ट, ठेकेदार आणि मी असा तिघांचा एकत्र कॉल. दोघांशी वेगवेगळं बोलायचं नाही, हा नियम मी स्वतःला घातला होता. आणि साइटचा फोटो पाठवताना त्यात टेप धरलेली हवी. नुसत्या फोटोत ९ इंच दिसत नाहीत.

---

सड्यावरची | २५ जानेवारी

उशीर झाला, पण सगळं सांगते.

शनिवारी सकाळी डिझायनर यायच्या आधी मी बाबांबरोबर साइटवर गेले आणि स्वयंपाकघराच्या जागी चिऱ्यावर बसले. विचारलं, खिडकी पश्चिमेला का हवी? आधी म्हणाले, वारा येतो. मग म्हणाले, तुझ्या आईला विचार. आईला विचारलं तर ती गप्प. शेवटी बाबाच बोलले. दोन वर्षांपूर्वी ते गोठ्यात पाय घसरून पडले होते. पाऊण तास तिथेच पडून होते, आई स्वयंपाकघरात होती, तिला हाक ऐकू गेली नाही. गोठा पश्चिमेला आहे. ओट्याशी उभं राहून तिला गोठ्याचं दार दिसायला हवं, एवढंच दोघांना हवं होतं. मला हे पडणं आजवर सांगितलेलं नव्हतं. ओळखही नसलेल्या तरुण आर्किटेक्टला ते कसं सांगणार होते?

डिझायनर आले. जोत्यावरचं काँक्रीट थोडं फोडून पाहिलं. सळया जवळजवळ आडव्या करून पुन्हा उभ्या केलेल्या होत्या. हा कॉलम या स्थितीत स्लॅब घेणार नाही, असं त्यांनी नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं आणि सही केली. ठेकेदारांनी वाचलं आणि खाली सही केली. तोवर त्यांचंही म्हणणं होतं की एवढं काही होत नाही. कॉलम जोत्याखालपर्यंत फोडून, नव्या सळया घेऊन, मूळ जागी उभा करायचा, तपशील ते लिहून देणार असं ठरलं. पंचगंगाकाठ काका, तुम्ही त्या रात्री लिहिलं नसतं तर स्लॅब ओतून झाला असता. तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

मग मी आर्किटेक्टना फोन केला नाही, पत्र लिहिलं. कागदावर, हाताने, आणि त्यांच्या ऑफिसात नेऊन दिलं. तीन गोष्टी लिहिल्या. बदल आम्ही तुम्हाला न सांगता केले, ती आमची चूक. खिडकी का हवी होती ते कारण. आणि कमिशनबद्दल माझ्या मनात शंका आली होती, ती न विचारता मी मनात ठेवली, आता विचारते. ही तिसरी गोष्ट लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

त्यांनी समोरच वाचलं. म्हणाले, कमिशन घेत नाही. ती वर्कशॉप सुचवली कारण त्यांच्या खिडक्यांत पाणी आत येत नाही, पण तुम्ही तीन ठिकाणची कोटेशनं घ्या, मी तुम्हाला खिडकीचा तपशील लिहून देतो, सगळ्यांना तोच द्या. त्यांना वाईट वाटलं, ते चेहऱ्यावर दिसलं. पण फोन न उचलल्याबद्दल त्यांनीही माफी मागितली. "काय बोलावं ते सुचत नव्हतं, आणि जितके दिवस गेले तितकं अवघड होत गेलं," असं म्हणाले. माझंही तसंच झालं होतं.

सोमवारी ते साइटवर आले. रेघोटीताई, तुमच्या भाषेच्या मुद्द्यावरून मी त्यांना विचारलं, आईबाबांना नकाशा जमिनीवर दाखवता येईल का? त्यांनी फक्की, म्हणजे आखणीची पांढरी भुकटी, मागवली आणि शेजारच्या मोकळ्या जागेत स्वयंपाकघर खऱ्या मापात आखलं. ओटा, गॅस, मोरी, फ्रिज, दार. आई त्या पांढऱ्या रेघांमध्ये उभी राहिली आणि तिने चहा करायची नक्कल केली, मग भाकरीची. दहा मिनिटांत चार गोष्टी निघाल्या. गॅसपासून मोरी लांब. फ्रिजचं दार उघडलं की वाट बंद. भाकरी थापायला जागा नाही. आणि ओटा ३४ इंचांचा काढलेला होता, आई चार फूट दहा इंच. पाट घेऊन उभी राहिली असती आयुष्यभर. ३० इंच ठरला. हे पहिल्याच महिन्यात होऊ शकलं असतं.

खिडकीचं मात्र मला वाटलं होतं त्याहून वेगळं झालं. गोठ्याचं कारण ऐकल्यावर ते थोडा वेळ पश्चिमेच्या भिंतीसमोर फिरले. म्हणाले, खिडकी इथेच राहू दे, पण पडवीचं कौलारू छप्पर या बाजूला वळवून चार फूट पुढे आणू, म्हणजे खिडकी पडवीच्या सावलीत येईल आणि पाऊस आधी पडवीवर पडेल. शिवाय गोठ्याकडे जायला आडोसा मिळेल, चिखलात घसरायला नको. बाबा एवढंच म्हणाले, "हे तेव्हाच बोलला असतात तर." आर्किटेक्ट म्हणाले, "तुम्ही गोठ्याचं सांगितलं असतंत तर." दोघं तिथेच थांबले.

मुख्य दाराबद्दल ते म्हणाले, कॉलम समोर येतोय हे ठेकेदारांचं निरीक्षण बरोबर होतं, ड्रॉइंगमधली ती माझी चूक. फक्त हलवायचं होतं दार. त्याला कागदावर खोडरबर लागलं असतं. आता कॉलमचे ३८ हजार गेले. निम्मे आम्ही दिले, निम्मे ठेकेदारांनी बिलातून सोडले, आणि आर्किटेक्टनी नव्या ड्रॉइंगची फी घेतली नाही.

---

चिरा_वाळू | २५ जानेवारी

ठेकेदाराने दाखवलेली चूक आर्किटेक्टने सगळ्यांसमोर मान्य केली, हे वाचून बरं वाटलं. असं क्वचित होतं. शब्द कुणाचा चालणार ते ठरलं का?

---

सड्यावरची | २६ जानेवारी

ठरलं. बदल सुचवू कोणीही शकतो, बाबा, आई, तुम्ही, गवंडी. रजिस्टरमध्ये कारणासकट लिहायचा. आर्किटेक्टची सही झाल्याशिवाय करायचा नाही, आणि सांगाड्याला हात लागणार असेल तर डिझायनरचीही. आर्किटेक्टनी दोन दिवसांत उत्तर द्यायचं, तोवर ठेकेदारांनी दुसरं काम काढायचं. भेटी आठवड्यातून एक, बुधवारी अकराला. फी टप्प्यांवर बांधून घेतली, माझ्याकडूनही उशीर होणार नाही असं लिहून दिलं. ऑक्टोबरचा एक हप्ता मी दीड महिना उशिरा दिला होता, ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

---

पंचगंगाकाठ | २६ जानेवारी

"कारणासकट" हे बाकी छान केलंत. आमच्या खात्याच्या साइट बुकात सूचना असायच्या, कारणं नसायची. दहा वर्षांनी वाचताना काही कळायचं नाही.

स्लॅब घालाल त्या दिवशी आर्किटेक्ट आणि डिझायनर दोघांनीही सळई तपासून रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय मिक्सर चालू करू नका. पडवीकडे बाहेर झेपावलेला भाग असेल तर तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला आहे ना, ते स्वतः बघा. माणसं चालून ती खाली दाबतात. आणि साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू निदान सात दिवस, त्यावरच्याला चौदा, बीमखालचे चौदा ते एकवीस. कुणी कितीही घाई केली तरी.

---

रेघोटी | २७ जानेवारी

परवा एका नव्या घराच्या पहिल्या भेटीला गेले तेव्हा फक्कीची पिशवी गाडीत टाकून नेली. तुमच्या आईला सांगा.

---

सड्यावरची | १४ जून

बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून धागा वर काढतेय.

स्लॅब ९ फेब्रुवारीला ओतला, दोन्ही सह्या झाल्यावर. कौलं मेच्या शेवटी चढली. रजिस्टर ७३ व्या पानावर आहे. त्यातली निदान वीस पानं बाबांच्या अक्षरात आहेत, आणि कारणाच्या रकान्यात ते आता सविस्तर लिहितात. न्हाणीघराच्या दाराबद्दल दीड पान आहे. खिडक्यांची तीन कोटेशनं आली. रत्नागिरीचं मधलं निघालं. सगळ्यात स्वस्त होतं त्यात मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅकच धरलेला नव्हता, ते तपशिलाचा कागद होता म्हणून कळलं. काम रत्नागिरीलाच दिलं.

ठेकेदारांशी एप्रिलमध्ये एकदा गिलाव्यावरून वाजलं. पूर्ण मिटलेलं नाही, शेवटच्या बिलात ते निघेल असं वाटतं.

काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. पश्चिमेचाच मारा होता. आई सकाळी सहाला जाऊन आली. पडवी भिजली, तिथली फरशी अजून बसायची आहे. खिडकीच्या सिलवर डाव्या कोपऱ्यात दोन बोटं ओल आहे. गोठ्याचं दार स्वच्छ दिसतं. मी टेप धरून फोटो काढायला सांगितलं बाबांना, तो आर्किटेक्टना पाठवलाय. त्यांचा लगेच फोन आला, छपराच्या त्या कोपऱ्यातली पन्हळ बघायला हवी म्हणाले. बुधवारपर्यंत थांबत नाहीत, उद्याच येतायत.